‘शाकुहाची’तली ‘ची’ आपली नव्हे

प्रश्न असा: जपानी वादक यामागुची गोरो यांच्यावरच्या लेखात ‘शाकुहाची बासरी’ असं वाचलं. शाकुहा हे गाव की माणूस?

दोन्ही नाही! ‘शाकुहाची’ हे अख्खं एका जपानी वाद्याचं नाव, ही ‘ची’ षष्ठीची नव्हेच. परवा एका निवेदकानं तर ‘शाकुहाचे प्रख्यात वादक’ असं भर सभेत ठोकून दिलं. शाकु हे जपानी माप, सुमारे ३०.३ सेंटीमीटर, त्याचा दहावा भाग सुन, आणि हाची म्हणजे आठ. एक शाकु आठ सुन, साधारण ५४.५ सेंटीमीटर. आपण ‘नऊवारी’ म्हणतो आणि लुगडं गाळतो, तसं मापालाच नाव पडलं. ‘शाकुहाचीचा सूर’ म्हणताना जीभ अडखळते, अडखळू दे.

आता ‘बासरी’. शाकुहाची उभी धरतात, चार भोकं पुढे, एक मागे. त्यामुळे आडवी बासरी डोळ्यांसमोर आणू नका. पण शब्द मला इथे फार आवडतो, कारण त्याच्या पोटात ‘वंश’ आहे. वंश म्हणजे आधी बांबू, मग कूळ. काही पंडित सांगतात, बांबूचं बेट पसरतं तसं कूळ पसरतं, म्हणून. साफ चूक! बेट म्हणजे गर्दी. वंश म्हणजे क्रम, पेरावर पेर. संस्कृत कोशकार मोनियर-विल्यम्सही बांबूच्या सांध्यांकडेच बोट दाखवतो. आणि बृहदारण्यक उपनिषदात ‘वंश’ म्हणून येते ती यादी चक्क गुरुशिष्यांची आहे. शाकुहाची बांबूच्या बुडख्याकडून कापतात, गाठी तशाच ठेवतात; जपानी वादक तिला नुसतं ‘ताके’, बांबू, म्हणतात. गोरो (१९३३–१९९९) शिकले वडिलांकडे, यामागुची शिरो यांच्याकडे. घराणं किंको, अठराव्या शतकातल्या कुरोसावा किंको यांच्यापासूनचं. जन्माचा वंश, विद्येचा वंश आणि हातातला वंश, तिन्ही एकाच माणसापाशी! १९९२ साली जपाननं त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं.

हां, त्यांनी वाजवलेली जी पारंपरिक रचना १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांच्या सोनेरी तबकडीवर गेली, ती ‘सोकाकु रेइबो’, पिलांसाठी जीव टाकणाऱ्या पक्ष्यांची. त्या लेखात म्हणे तिचं ‘घरट्यातले बगळे’ केलंय. बगळे नव्हेत हो, क्रौंच!