पाळी लांबते, प्रोजेस्टेरॉन कमी

प्रश्न : वय ४४. पाळी ३५ दिवसांनी येते, अंगावरून फार जातं. एकविसाव्या दिवशी रक्तात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) कमी आलं. त्याच्या गोळ्या घेऊ का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तपासणीचा दिवसच चुकला. एकविसावा दिवस २८ दिवसांच्या पाळीला लागू. तुमचा अठ्ठाविसावा, म्हणजे पुढच्या पाळीआधी सात दिवस. आकडा मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमच्या वर आला तर स्त्रीबीज सुटलं असं समजतात. चाळिशीनंतर काही महिने ते सुटतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन पुरेसं बनत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि रक्तस्राव वाढतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी कराच. गोळी डॉक्टरांनी दिली तरच, तीही बहुधा झोपताना, कारण गुंगी येते. तासाला पॅड भिजत असेल तर तडक सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) गाठा.