आमच्या सोसायटीच्या बागेत रोज सकाळी सात-आठ मातकट पक्षी येऊन नुसता कलकलाट करतात. हे कोणते पक्षी? आणि ते सतत भांडत का असतात?

हे सातभाई. चोच पिवळट आणि डोळेही फिके असतील, तर शंभर टक्के. त्या डोळ्यांमुळे बिचारे कायम कुणावर तरी डाफरतायत असं वाटतं. पुण्यात बागांमधून दिसतो तो बहुधा रानसातभाई. वेताळ टेकडीवर, झुडपी माळावर मोठा राखी सातभाई जास्त दिसतो. उडताना त्याच्या शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात. त्याचं शास्त्रीय वर्णन १८३२ साली कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केलं, तेही दख्खनच्या पक्ष्यांवर काम करताना. म्हणजे हा आपल्याच मुलखातला.

भांडणाचं म्हणाल, तर एकाच थव्यात ते फारसं नसतं. पालापाचोळ्यात टुणटुणत एकेक पान उलटताना मान खाली असल्याने काही दिसत नाही, म्हणून आवाजाने एकमेकांचा माग ठेवायचा. तेवढ्यात एखादा भिंतीवर किंवा फांदीवर बसून पहारा देत असतो. खरी जुंपते ती हद्दीवरून, शेजारच्या थव्याशी. (सोसायटीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) दुपारी सावलीत बघा: दोघं खेटून बसलेले, एक डोळे मिटून मान वर करतो आणि दुसरा त्याच्या गळ्याची पिसं चोचीने विंचरत असतो.

पिल्लांना भरवायलाही आईबाप एकटे नसतात, थव्यातले बाकीचे हातभार लावतात. याचा फायदा पावशा आणि चातक हे पक्षी बरोबर उचलतात, आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून. सातभाईंची अंडी निळी, त्यांचीही निळी, मग घरट्यात खपून जातात. पावसाळ्याच्या सुमारास थव्यामागे एखादं वेगळंच दिसणारं पिल्लू चोच वासून ओरडत फिरताना दिसलं, तर ते पावशाचं असू शकतं.

एक मात्र करा. सगळे एकाच झुडपाकडे तोंड करून, न थांबता कर्कश ओरडत असतील, तर तिकडे लहान मुलांना पाठवू नका. बहुतेक वेळा मांजर निघतं, पण सापही असू शकतो.

आणि त्यांना शेव-फरसाण घालू नका, ते मुख्यतः किडे खातात. त्यापेक्षा माळीकाकांना सांगा, झाडाखालचा पाला रोज झाडून जाळू नका म्हणावं.