सुरूची काडी, मोरपंखीची काडी

प्रश्न : सर, मी दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या शाळेत विज्ञान शिकवते. झाडाचं लाकूडच पाणी गाळतं, पाइनच्या फांदीचा फिल्टर होतो, असं वाचून आठवीच्या मुलींनी प्रदर्शनासाठी तो करायचं ठरवलं. इथे पाइन नाही, पण सुरू वाटेल तेवढा. सालीसकट काडी पाइपात बसवली, वर लाल शाईचं पाणी ओतलं. खाली तस्संच लाल पाणी आलं, तेही भराभर. मुली हिरमुसल्या आहेत. काय चुकलं?

उत्तर : बाई, मुलींना आधी सांगा की प्रयोग फसलेला नाही, त्याने तुम्हाला सुरूची जात सांगितली आहे. सुरू दिसतो पाइनसारखा, पण पाइनच्या कुळाशी त्याचं काही नातं नाही. त्याची एक ‘सुई’ हातात घ्या आणि ओढा. पेरापेरांतून सुटते ना? ते पान नव्हेच, ती बारीक हिरवी डहाळी आहे. पेराशी भिंगातून बघितलंत तर दातेरी कडं दिसेल. ती खरी पानं. सुरू हे फुलझाड आहे, आंब्या-फणसाच्या बाजूचं.

फरक इथेच पडतो. फुलझाडांच्या लाकडात पाणी चढायला लांब नळ्या असतात, काही सेंटिमीटरांपासून कधीकधी काही मीटरपर्यंत. तुमची काडी असेल चार सेंटिमीटरची. म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळ्यांची जुडीच तुम्ही पाइपात बसवलीत. पाइनच्या लाकडात अशा सलग नळ्या नसतात. तिथे दोन-चार मिलिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना बंद पेशी असतात आणि पाणी एकीतून दुसरीत जातं ते बाजूच्या भिंतींतल्या झिरझिरीत पडद्यांमधून. झाडाने हे पडदे आपल्यासाठी ठेवलेले नाहीत. एका पेशीत हवेचा बुडबुडा शिरला तर तो शेजारी पसरू नये, म्हणून ते आहेत. जंतू त्यात अडकतात, हा आपला फायदा.

आयआयटी मुंबईत शिकलेले रोहित कर्णिक आणि त्यांच्या अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हेच करून दाखवलं. पाइनच्या फांदीचा जेमतेम इंचभराचा तुकडा, साल काढलेला, नळीत घट्ट बसवलेला. त्यातून दिवसाला ४ लिटरपर्यंत पाणी मिळू शकेल असा त्यांचा हिशेब होता आणि ९९ टक्क्यांहून जास्त जीवाणू अडले. विषाणू मात्र त्या पडद्यांच्या छिद्रांहून बारीक असतात, त्यांचा भरवसा नाही.

आता पाइन आणायचा कुठून? कुठून नाही. शाळेच्या आवारात मोरपंखी आहे का बघा. तीच, जिचं पान ‘विद्या’ म्हणून मुलं पुस्तकात ठेवतात. मोरपंखी पाइनच्याच बाजूची, फूल नसलेली, उघड्या बीची. तिच्या लाकडातही त्या लांब नळ्या नाहीत. मी गेल्या पावसाळ्यात आमच्या कुंपणाच्या मोरपंखीची करंगळीएवढी फांदी कापली आणि गवंड्याकडचा पारदर्शक लेव्हल पाइप मागून घेतला. पाइपाचं टोक गरम पाण्यात धरलं की मऊ पडतं, तेवढ्यात काडी आत सरकवायची आणि वरून क्लिप आवळायची. साल आधी सोला, खालचा बुळबुळीत पापुद्राही खरवडून काढा, नाहीतर पाणी लाकडातून न जाता कडेने पळतं. तुमच्याकडे हेही झालं असणार.

काडी कापल्यापासून पाण्यातच ठेवायची. मी पहिली काडी रात्रभर ओट्यावर विसरलो. सकाळी तिच्यातून थेंबही उतरेना. लाकूड वाळलं की ते पडदे चिकटून बसतात. पाइपाचं दुसरं टोक वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत बांधा. तीन-साडेतीन मीटरची उंची मिळाली की पुरेसा दाब येतो. माझ्याकडे मिनिटाला चार-पाच थेंब पडत होते. प्रदर्शनात लोक एवढा वेळ थांबत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळीच लावून ठेवा.

आणि शाई नको. शाई पाण्यात विरघळते. ती पाइनमधूनही आरपार जाईल. जांभ्या दगडाची लाल भुकटी पाण्यात ढवळा, जाड गाळ खाली बसू द्या आणि वरचं गढूळ पाणी घ्या. वाटी निवळ पाण्याने भरली की काडी बाहेर काढून ब्लेडने उभी चिरा. (ब्लेड तुम्ही धरा, मुलींना देऊ नका.) लाल रेघ वरच्या दोन-तीन मिलिमीटरांतच थांबलेली दिसेल, पुढे लाकूड पांढरं. माझ्या मते प्रदर्शनात ठेवायची वस्तू ती चिरलेली काडी आहे, फिल्टर नव्हे. तिच्या शेजारी सुरूचीही ठेवा, आणि साबणाच्या पाण्यात एक टोक बुडवून दुसऱ्या टोकाला सायकलच्या पंपाने हवा द्या. सुरूतून फेस येतो, ओल्या मोरपंखीतून येत नाही. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर लाल पाण्याऐवजी बेकरीचं यीस्ट घालून आधीचा आणि नंतरचा थेंब दाखवा.

वाटीवर ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठी हवीच. एका प्रदर्शनात पाहुण्यांनी फोटोसाठी मुलांच्या बाटलीतल्या फिल्टरचं पाणी घोटभर प्यायलं होतं. पुढचे दोन दिवस मी त्यांच्या तब्येतीची चौकशी करत होतो.

प्रश्न : नातवासोबत बाटली कापून वाळू, खडे आणि चुलीतल्या कोळशाचा फिल्टर केला. पाणी आधी होतं त्याहून काळं आलं! नदीतला झिरा मात्र तेवढ्याच वाळूतून निवळ पाणी देतो. असं का? — एक आजोबा, जालना

उत्तर : काळं पाणी म्हणजे कोळशाची भुकटी. कोळसा फडक्यात बांधून वरचं पाणी निवळ येईपर्यंत धुवा, वाळूही तशीच, आणि कोळशाखाली सुती कापडाचे तीन-चार पदर घाला. पण ‘तेवढ्याच वाळूतून’ हे काही खरं नाही, आजोबा. झिऱ्यात येणारं पाणी कितीतरी हात वाळूतून, हळूहळू, झिरपत आलेलं असतं. तुमची वाळू चार बोटं, आणि नातू वरून तांब्या उपडा करतो.

संथपणाचं महत्त्व १८९२ मध्ये जर्मनीत दिसलं. हॅम्बुर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळता पुरवत होतं. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचं पाणी घ्यायचं, पण वाळूतून संथ गाळून. कॉलऱ्याने हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून जास्त माणसं गेली, आल्टोना बरंचसं वाचलं. अशा वाळूवर काही आठवड्यांत सूक्ष्मजीवांची बुळबुळीत साय धरते, आणि जंतू खाण्या-अडवण्याचं बरंचसं काम ती साय करते. बाटलीत ती बघायची असेल तर कोळसा काढून टाका, वाळू वीतभर करा, तिच्यावर कायम दोन बोटं पाणी राहू द्या आणि रोज थोडंथोडं विहिरीचं पाणी घाला. महिनाभर नातवाला वाळू ढवळू देऊ नका. हे जमलं तर मला पत्राने कळवा, कारण माझ्या नातवाने तिसऱ्याच दिवशी ढवळली.