चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता का येत नाही?

लांबची पाटी स्वच्छ वाचता येते, मग जवळचंच धूसर का? दोष डोळ्यातल्या भिंगाचा. बाहुलीमागचं हे भिंग बारीक तंतूंनी भोवतीच्या स्नायूच्या कड्याला टांगलेलं असतं. जवळ पाहताना स्नायू आकसतो, तंतू सैल पडतात, भिंग फुगतं. दहा वर्षांच्या पोराला ७-८ सेंमीवरचं अक्षरही दिसतं. वयाबरोबर भिंग कडक होतं. स्नायू आकसला तरी ते फुगत नाही. म्हणून पेपर लांब धरायचा. डोळ्यांच्या व्यायामाने भिंग मऊ होत नाही. नंबर साधारण +१ पासून सुरू होतो, साठीपर्यंत +२.५ च्या आसपास जातो. चष्म्यामुळे तो वाढतो ही निव्वळ अफवा. उणे नंबरवाले मात्र बऱ्याचदा चष्मा काढून आरामात वाचतात! सुई उजेडात धरा: बाहुली आकसते, नेढं जरा स्पष्ट दिसतं.