ओझूपाशी थांब

अनेक आशीर्वाद.

पूर्व आशियातल्या दिग्दर्शक-लेखकांची तुझी यादी वाचली. कुरोसावा, वाँग कार-वाई, बोंग जून-हो, मुराकामी, हान कांग. कोणत्या क्रमानं संपवू, असं विचारतोस. संपवू नकोस. एकाला धर आणि त्याच्यापाशी थांब. माझं ऐकशील तर जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू.

त्याचा 'लेट स्प्रिंग' (१९४९) लाव. विधुर बाप, त्याला सोडून जायला तयार नसलेली लेक. तिनं लग्न करावं म्हणून आपणही दुसरं लग्न करतोय असं बाप तिला भासवतो. लेकीच्या भूमिकेत सेत्सुको हारा, बापाच्या चिशू र्यू. ११ वर्षांनी 'लेट ऑटम'मध्ये तीच हारा विधवा आई होते आणि आता तिच्या मुलीचं लग्न जमवायचं असतं. ओझूच्या १९६२च्या शेवटच्या चित्रपटात र्यू पुन्हा लेकीची पाठवणी करणारा बाप. 'तेच तेच' म्हणशील. नाही रे! काल लेक होती ती आज आई झाली, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. एक सिनेमा पाहून यादीवर खूण करणाऱ्याला ते कसं दिसणार? म्हणून म्हणतो, थांब.

दीडपट वेगानं पाहतोस हे वाचून मात्र राग आला. ओझूचा कॅमेरा जमिनीलगत, खाली बसलेल्या माणसांसमोर असतो. त्यांचं बोलणं संपल्यावरची रिकामी खोलीही तो दाखवतो. ती पळवलीस तर पाहिलंस काय?

थांबल्यानं जग आकसत नाही. हाराचा माग काढत दुसऱ्या जपानी दिग्दर्शकाच्या, मिकिओ नारुसेच्या 'साउंड ऑफ द माउंटन'ला (१९५४) पोचशील. तिथे ती नवऱ्याला नकोशी झालेली सून आहे, सासऱ्याचा मात्र तिच्यावर जीव. मूळ कादंबरी जपानी लेखक कावाबाताची, घर कामाकुरातलं, 'लेट स्प्रिंग'मधल्यासारखंच. रात्री डोंगराचा आवाज ऐकून म्हातारा सासरा शिंगो मरणाच्या विचारानं गारठतो, ती पानं वाचच.

लोक मला म्हणतात, तुम्ही जपानपलीकडे गेला नाहीत. कोरियन सिनेमा मी उशिरा पाहिला, खरंय. जपानी शिकायचं राहून गेलं, ती खंत तर जात नाही. पण आळसानं थांबलो नव्हतो मी! तैवानचा दिग्दर्शक होउ शियाओ-शिएन यानं ओझूच्या जन्मशताब्दीनिमित्त 'कॅफे ल्युमिएर' हा चित्रपट केला, आणि तैवानला मी पोचलो तो त्याच वाटेनं. थांबलो म्हणूनच पोचलो.

तेव्हा यादी बाजूला ठेव. 'लेट स्प्रिंग' पाहून लिही: बापानं लेकीशी खोटं बोलायला हवं होतं का? 'ग्रेट फिल्म' एवढंच उत्तर पाठवू नकोस.