नवा सेल घातला, तरी आकडे गायब

प्रश्न : १९८७ सालच्या जी-शॉक मालिकेतलं कॅसिओ डीडब्ल्यू-५६००सी हे डिजिटल घड्याळ जुन्या बाजारातून घेतलं. नवा सेल टाकला, पण पडदा कोरा. मधूनच अर्धवट, भलतेच आकडे उमटतात. मॉड्यूल, म्हणजे आतलं यंत्र, गेलं का? (वाचक, सांगली)

उत्तर : बहुधा नाही. नुसता सेल बदलून भागत नाही, नंतर रीसेट द्यावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं. सेल धरून ठेवणाऱ्या पत्र्यावर किंवा त्याच्या शेजारी ‘एसी’ अशी अक्षरं आणि एक छोटा ठिपका सापडेल. धातूच्या चिमट्याचं एक टोक त्या ठिपक्यावर आणि दुसरं सेलच्या धन बाजूवर टेकवून दोन सेकंद धरा. आकडे नव्याने सुरू झाले तर काम झालं.

दिवा लावताच आकडे फिके पडत असतील तर सेल कमजोर आहे, नाहीतर संपर्काच्या पत्तीवर मळ आहे. दिवा दाबून धरायची ही चाचणी घड्याळ विकत घेतानाही करा.

रीसेटनंतरही आकड्यांच्या मोजक्याच रेघा गायब असतील तर संशय झेब्रा पट्टीवर घ्या. सर्किट आणि एलसीडी पडदा यांच्यामध्ये बसणारी ही रबरी पट्टी असते. तिच्यात वीज नेणारे आणि न नेणारे थर आलटूनपालटून असतात. बोटाचं तेल लागलं की तेवढ्याच जागेवरच्या रेघा विझतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सुती काडीवर घेऊन पट्टी आणि तिच्याखालचे संपर्क पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच जोडा. पट्टी ताणू नका. पडद्यावर शाईसारखा काळा डाग पसरला असेल तर मात्र काच फुटून द्रव सुटलेला असतो. तो पुसून जात नाही. दुसऱ्या घड्याळातला पडदा किंवा अख्खं मॉड्यूलच लागतं.

उघडण्याआधी खाली पांढरा कपडा अंथरा. मॉड्यूलच्या एका भोकात उभी असलेली बारीक स्प्रिंग झाकणाच्या आतल्या बझरच्या, म्हणजे गजर वाजवणाऱ्या, चकतीला टेकते. ती उडाली तर घड्याळ बिनबोभाट चालतं, फक्त गजर मुका होतो, आणि लोक विनाकारण बझर बदलत बसतात.

प्रश्न : बाहेरचं रबरी कवच बिस्किटासारखं तुटतंय. तेल लावून वाचेल का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. ते कवच पॉलियुरेथेनचं असतं आणि हवेतला दमटपणा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो. तेलाने वरवर चकाकी येते, तुटलेलं जुळत नाही. मॉडेल नंबर सांगून पर्यायी कवच मागवा. आतली स्टीलची केस आणि मॉड्यूल ठीक असेल तर कवचासाठी सौदा मोडू नका. जुनं मूळ कवच शाबूत असेल तर स्क्रूंना हातच लावू नका, ते भोकांपाशीच फुटतं. घड्याळ घामासकट डबीत बंद करू नका. ओलसर कपड्याने पुसा, वाळवा, उन्हापासून लांब ठेवा.

प्रश्न : जुन्या घड्याळांच्या जपानी लिलावात ‘जांकू’ लिहिलेलं असतं ते काय? आणि ‘२०० मीटर’ छापलेलं घड्याळ पोहायला चालेल? (वाचक, दुबई)

उत्तर : ‘जांकू’ म्हणजे चालण्याची हमी नाही, परत घेणार नाही. ‘देन्ची-गिरे’ म्हणजे सेल संपलेला. म्हणजे घड्याळ चालतं की नाही हे कुणी पाहिलेलंच नसतं, तेव्हा किंमत त्या हिशेबानेच द्या. २०० मीटरचा आकडा घड्याळ नवं असतानाचा. मागच्या झाकणाची पाणी अडवणारी रबरी रिंग बदला, तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, आणि दुकानात दाबाची चाचणी झाल्याखेरीज पाण्यात उतरवू नका. बटणांच्या आतही बारीक रिंगा असतात, त्या सहसा कुणी बदलत नाही.