लेक देव मानत नाही, आणि गर्भपातविरोधी मोर्चाला निघाली आहे

प्रश्न : आम्ही ओहायोत राहतो. मुलगी १९ वर्षांची, कॉलेजात बायॉलॉजी शिकते. गणपतीत आरतीला हात न जोडता नुसती उभी राहते, देव नाही असं तोंडावर सांगते. तीच आता जानेवारीत वॉशिंग्टनला ‘मार्च फॉर लाइफ’ला जायचं म्हणते. हे म्हणतात, चर्चवाल्यांनी नादी लावलंय. ती म्हणते, यात देवाचा संबंधच नाही. सांगलीच्या सासूबाई फोनवर ‘भ्रूणहत्या म्हणजे पापच’ म्हणाल्या, तर त्यांच्यावरही चिडली! तिच्या जन्माआधी, साधन फसल्यामुळे, मी पुण्यात एकदा गर्भपात करून घेतला होता. ह्यांचं म्हणणं, तिला ते सांगूनच टाक, म्हणजे गप्प बसेल. सांगू का?

उत्तर : ताई, आधी यजमानांची शंका. लेक बाटली वगैरे नाही. त्या मोर्चात जपमाळा आणि क्रूस भरपूर दिसतात हे खरं. १९७४ पासून तो दर जानेवारीत निघतो आणि त्यात कॅथलिक शाळांच्या बसच्या बस येतात. पण त्याच गर्दीत नास्तिकांचाही एक छोटा गट असतो. ‘सेक्युलर प्रो-लाइफ’ ही संघटना केल्सी हॅझर्ड यांनी २००९ मध्ये सुरू केली. आमचा आधार बायबल नाही, भ्रूणशास्त्राचं क्रमिक पुस्तक आहे, असं ते फलकावर लिहितात. त्याआधी नॅट हेन्टॉफ हे न्यूयॉर्कचे पत्रकार होते. ज्यू घरातले, पक्के नास्तिक, भाषणस्वातंत्र्यासाठी आयुष्यभर भांडलेले, आणि गर्भपाताच्या विरोधात. डाव्या वर्तुळातल्या मित्रांना ते पचलं नाही. अमेरिकेत कुठलाच धर्म न मानणारे बहुतेक लोक गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने असतात, पण दहातला एखादा नसतो. तुमची लेक त्या एखाद्यात आहे. आजीवर ती का चिडली तेही यातून कळेल. आजीने तिची बाजू घेतली, पण जे कारण तिला नको तेच पुढे करून.

तिचा मुद्दा साधारण असा असणार : गर्भधारणेपासून एक नवा मानवी जीव असतो, हे विज्ञान आहे, माणसाला मारणं चूक, म्हणून हेही चूक. पहिलं वाक्य जीवशास्त्राचं आहे, त्यावर वाद घालत बसू नका, हराल. अडचण दुसऱ्या वाक्यात आहे. मानवी पेशींचा जीव असणं आणि हक्क असलेली व्यक्ती असणं यांच्यातलं अंतर सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. तिथे तत्त्वज्ञान लागतं, आणि तिच्या बाजूनेही ते आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या डॉन मार्क्विस यांनी १९८९ मध्ये आत्म्याचं नाव न घेता युक्तिवाद मांडला. एखाद्याला मारणं वाईट का, तर त्याच्यापुढचं सगळं आयुष्य आपण हिरावून घेतो. गर्भापुढेही तसंच आयुष्य आहे. हे सहज उडवून लावण्यासारखं नाही.

पण तिने तत्त्वज्ञ जूडिथ थॉमसन यांचा गर्भपातावरचा १९७१ चा लेखही वाचलेला असावा. वाचला नसेल तर वाचायला लावा. त्या म्हणतात, गर्भाला जगण्याचा पूर्ण हक्क आहे असं क्षणभर मानू. तरी त्यामुळे दुसऱ्याचं शरीर नऊ महिने वापरण्याचा हक्क मिळतो का? माझ्या मते सगळा वाद इथे येऊन अडतो. आईवडिलांवर वेगळी जबाबदारी असते, असं मोर्चावाले उत्तर देतात. ते कितपत पुरतं हे तिलाच सांगू दे.

आणखी एक प्रश्न तिला जरूर विचारा. ‘हे चूक आहे’ आणि ‘यावर कायद्याने बंदी हवी’ या दोन गोष्टी आहेत. तू कुठली म्हणतेस? सविता हलप्पनवारचं नाव तिला माहीत आहे का? बेळगावची दंतवैद्य, वय ३१. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे कळलं होतं. पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला गेला, आणि जंतुसंसर्गाने ती गेली. सहा वर्षांनी आयरिश जनतेने ६६ टक्क्यांहून जास्त मतांनी घटनेतली ती बंदी काढून टाकली. तुमच्या ओहायोतही नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदारांनीच गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला. मोर्चाला जाणाऱ्याकडे सविताबद्दल उत्तर हवं. ‘आईचा जीव धोक्यात असेल तर अपवाद’ असं ती म्हणेल. मग पुढचा प्रश्न : धोका पुरेसा झाला हे कोण आणि केव्हा ठरवणार? गॉलवेत तेवढ्यातच वेळ गेला.

ती कदाचित पुण्याच्या सोनोग्राफी सेंटरमधल्या ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीचाही दाखला देईल. तिथे तिला थांबवा. १९८० च्या दशकात मुंबईच्या ज्या बायकांनी हा लढा दिला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राला देशातला पहिला कायदा करायला लावला, त्यांनी बोट ठेवलं ते चाचणीवर आणि मुलगी नको म्हणणाऱ्या घरांवर. गर्भपाताचा हक्क त्यांना हवाच होता. त्यांना या मोर्चात ओढणं अन्यायाचं होईल.

आता तुमची गोष्ट. नाही, तोंड बंद करायला सांगू नका. साधन फसल्यावर विवाहित बाईला ती मुभा १९७१ च्या कायद्यानेच दिली होती, त्यामुळे लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण भांडणात सांगितलंत तर तिला दोनच वाटा राहतात : आईला दोषी ठरवायचं, नाहीतर स्वतःचं मत गिळायचं. दोन्ही वाईट. शिवाय ती ‘मग मला भावंड असतं’ असं बोलून बसली, तर ते वाक्य परत घेता येत नाही. सांगावंसं वाटलंच तर मोर्चा होऊन महिना उलटल्यावर, दोघीच असताना सांगा, आणि त्यातून तिने काही शिकावं ही अपेक्षा ठेवू नका. कधीच सांगितलं नाहीत तरी तुम्ही काही दडवलं असं होत नाही. यजमानांना मात्र आजच बजावा की हे त्यांनी सांगायचं नाही, सांगलीला फोनवर तर मुळीच नाही.

जाऊ द्यायचं का? १९ वर्षांची आहे, जाणारच. फक्त कुठल्या गटाबरोबर जाते ते विचारा. रस्त्यावरून शांतपणे चालणं हा तिचा हक्क आहे, पण क्लिनिकचं दार अडवणं हा १९९४ पासून संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. डाव्या, निधर्मी म्हणवणाऱ्या गटांतलेही काहीजण तसं करतात. २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या एका क्लिनिकचं दार अडवणाऱ्यांना तुरुंगवास झाला, पुढे २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. तुमचं ग्रीन कार्ड अजून आलेलं नसेल आणि ती तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल, तर असल्या माफीच्या भरवशावर तिने राहू नये. निघण्याआधी एकदा तुमच्या इमिग्रेशन वकिलाशी तिचं थेट बोलणं करून द्या, तुम्ही मध्ये बसू नका.